स्थळ हातचं गेलं

कोरियन मालिकेच्या पहिल्या भागात एक मुलगी आणि दोन मुलगे दिसले की माझ्या छातीत धडधडायला लागतं. दोघांपैकी एक शेवटी रडणार हे ठरलेलं असतं, आणि जो रडणार त्याच्यावरच माझा जीव जडणार हेही ठरलेलं असतं. आमची कन्या म्हणते, "आई, तुला कोण आवडलाय ते सांग, म्हणजे नायिकेचं लग्न कोणाशी होणार नाही ते मला कळेल." या दुखण्याला जगभरचे प्रेक्षक 'सेकंड लीड सिंड्रोम' म्हणतात. औषध नाही. सोळा भागांनी उतरतं, आणि नवी मालिका लावली की उलटतं.

२०२० साली 'स्टार्ट-अप' आली. त्यात एक आजी असते. नात एकटी पडू नये म्हणून ती हान जी-प्यॉन नावाच्या अनाथ पोराला तिला पत्रं लिहायला सांगते. पोरगं जीव ओतून लिहितं, पण खाली नाव घालतं नाम दो-सानचं. कारण गणिताचं ऑलिम्पियाड जिंकलेल्या त्या मुलाची बातमी पेपरात आलेली असते. पंधरा वर्षांनी नात निघते ती नाम दो-सानच्याच शोधात. आता तुम्हीच सांगा, पत्रं लिहिली तो नवरा, की ज्याचं नुसतं नाव उसनं घेतलं तो? आमच्याकडे लग्नपत्रिकेत नाव चुकलं तर पत्रिका बदलून आणतात, मुलगा बदलत नाहीत!

'क्रॅश लँडिंग ऑन यू'मधल्या माझ्या आवडत्या मुलाला तर लेखिकेनं गोळ्याच घातल्या. कोरियाला कंटाळून चीनकडे गेले आणि 'स्टोरी ऑफ यानशी पॅलेस' लावली. सत्तर भाग! त्यातला फुहेंग कर्तबगार, देखणा, सरळ, खानदानी. पण विरुद्ध बाजूचं स्थळ म्हणजे साक्षात चीनचा बादशहा. तिथं आमचं काय चालणार? फुहेंग ब्रह्मदेशच्या मोहिमेत आजारी पडून गेला. ते इतिहासातही तसंच आहे म्हणे, त्यामुळे कोणावर ओरडायचीही सोय नाही.

पण खरी हाय खाल्ली ती 'रिप्लाय १९८८'मुळे. कारण ती मी सासूबाईंबरोबर पाहिली.

त्याचं झालं असं की सासूबाईंच्या नेहमीच्या मालिकेतली नायिका तिसऱ्यांदा कोमात गेली आणि त्यांनी रिमोट माझ्याकडे टाकला. "लाव तुझं ते चिनी." मी म्हटलं, "आई, कोरियन." "तेच ते." सेऊलच्या सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली, पाच कुटुंबं, त्यांची पाच पोरं. पहिल्याच भागात संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी एका घरातला पदार्थ दुसऱ्या घरी जातो, तिकडून तिसऱ्या, आणि पोरं ताटल्या घेऊन नुसती धावत असतात. सासूबाई उठून बसल्या. वाटी रिकामी परत न पाठवणारी माणसं म्हटल्यावर त्यांच्या लेखी ती माणसं दादरचीच झाली.

पडद्यावर खाली पळणाऱ्या इंग्रजी ओळी त्यांना वाचता येत नाहीत, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. हे काम काय असतं ते केल्याशिवाय कळायचं नाही. आपल्या मालिका टीव्हीकडे पाठ करूनही बघता येतात; मेथी निवडत, फोनवर बोलत, वेळ पडली तर पेंगत. इथं पापणी लवली की वाक्य गेलं. पाच आया एकदम बोलतात, त्यांचं मी एकटीनं मराठी करायचं, वर गळा दाटून आला तरी थांबायचं नाही. एकदा मी हुंदका देत होते तर सासूबाई म्हणाल्या, "तू नंतर रड, आधी ती काय म्हणाली ते सांग."

त्या पाच पोरांत मुलगी एक, डॉकसन. घरातली मधली. वाढदिवस थोरल्या बहिणीच्या केकवर उरकलेला, अंड्याच्या वाटणीत नाव नाही. मालिकेच्या सुरुवातीपासून तिचा आजचा नवरा दाखवतात, पण चार मित्रांतला तो कोण हे सांगत नाहीत. वीस भाग हेच कोडं. नोव्हेंबर २०१५ ते जानेवारी २०१६ मालिका चालू होती तेव्हा अख्ख्या कोरियात दोन तट पडले होते. एका तटाला नवरा म्हणून जुंग-ह्वान हवा, दुसऱ्याला तेक. आमच्या घरात ते तट काही वर्षांनी पडले, एवढाच फरक.

मी अर्थातच जुंग-ह्वानची. तोंडानं एक गोड शब्द नाही, पण गच्च भरलेल्या बसमध्ये तिला धक्का लागू नये म्हणून दांडा धरून भिंतीसारखा उभा राहतो. रात्री पावसात छत्री नेऊन देतो आणि वर 'लवकर येत जा' म्हणून खेकसतो. अशा खेकसण्यावर आमची अख्खी पिढी संसार करत आलीय, आम्हाला त्यातलं प्रेम बरोबर ऐकू येतं.

सासूबाईंनी मात्र तेकची बाजू घेतली, आणि तीही रीतसर चौकशी करून.

"मुलगा करतो काय?"

"गो खेळतो. पटावरचा खेळ असतो, काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा."

"खेळून पोट भरतं का?"

म्हटलं, गल्लीतल्या कुठल्याही बापापेक्षा जास्त कमावतो. त्या मवाळल्या. घरी कोण कोण? वडील, घड्याळांचं दुकान आहे, स्वभावानं अबोल. आई लहानपणीच गेली.

"म्हणजे सासू नाही," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "मुलगी सुटली."

यावर सून काय बोलणार? मी मालिका पुढे चालू केली.

मग त्याला बुटाची नाडी धड बांधता येत नाही हे दिसलं. सासूबाई म्हणाल्या, मोठ्या माणसांचं असंच असतं. पुढे तो झोपेच्या गोळ्या घेतो हे कळलं तेव्हा त्या ताठ झाल्या. "हे त्यांनी आधी सांगितलं होतं का?" कोणी, कोणाला, काही कळेना. पण क्षणभर मला आशा वाटली, की आता हे स्थळ मोडतंय.

मोडलं नाही. अठरावा भाग आला. डॉकसन गाण्याच्या कार्यक्रमाला एकटी गेलीय हे दोघांनाही कळतं. जुंग-ह्वान गाडी काढतो, आणि प्रत्येक चौकात लाल सिग्नल. प्रत्येक! पुण्यात हा प्रसंग घडला असता तर पोरगं पहिल्याच चौकातून निघून गेलं असतं आणि आज नातवंडं खेळवत असतं. हे गाढव कायदा पाळत थांबलं. पोचतो तेव्हा तेक हातातला सामना सोडून आधीच तिच्यासमोर उभा. वर हा स्वतःच कबूल करतो की दोष सिग्नलचा नाही, आपणच वर्षानुवर्षं कचरलो. असा समजूतदारपणा मला अजिबात सहन होत नाही. अरे, चिड की जरा! पुढे हॉटेलात मित्रांसमोर तिला सगळं सांगतो, अंगठी काढतो आणि शेवटी सगळी थट्टा होती असं दाखवतो. अंगठी टेबलावर राहते. ते वाक्यन्‌वाक्य मी आईंना वाचून दाखवत होते, आणि कोणत्याही मतदाराकडून विरोधी उमेदवाराचं भाषण असं वाचून घेऊ नये.

रात्री बारा वाजता दुःख झालं की भूक लागते. त्यातून या मालिकांमधली माणसं सुखात नूडल्स खातात, दुःखात नूडल्स खातात, पातेल्याच्या झाकणात घेऊन फुर्रर्र ओढतात. आमच्याकडे मॅगी होती. दोघींनी केली. सासूबाई विजयी उमेदवारासारख्या जेवल्या.

त्यांचाही दिवस आला म्हणा. डॉकसनच्या थोरल्या बहिणीचं, बोराचं, त्याच चार मित्रांतल्या सनवूशी जमलं होतं आणि त्या जोडीवर दोघींचं एकमत होतं. मुलगा डॉक्टर, आईला जपणारा. पण लग्नाची गोष्ट निघाली आणि दोन्ही आया अडून बसल्या, कारण दोघांचं आडनाव एक आणि कूळही एक. अशा लग्नाला तिथं कायद्यानं बंदी होती; १९९७ साली संविधान न्यायालयानं ती घटनेशी विसंगत ठरवली. मी सांगायच्या आधीच सासूबाईंना कळलं होतं. "सगोत्र!" त्या म्हणाल्या. मग बराच वेळ गप्प बसून त्यांनी माझ्या चुलत नणंदेच्या लग्नात आपण काय काय बोललो होतो ते आठवलं असावं, कारण एकदम म्हणाल्या, "करू देत गं त्यांना. पोरं चांगली आहेत."

मालिका संपल्यावर मी नेटवर दुखावर फुंकर शोधत होते. कन्येनं बातमी दाखवली, की डॉकसन आणि जुंग-ह्वान झालेले नट-नटी प्रत्यक्षात एकमेकांच्या प्रेमात पडले होते, २०१७ मध्ये तसं जाहीरही झालं. मी पेढे आणायचे तेवढे बाकी होते. तर ती म्हणाली, "पुढे वाच." २०२३ मध्ये ते वेगळे झाल्याची बातमी होती.

सासूबाईंना हे सांगितलं. त्यांना नटांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांचं मन गल्लीतच होतं. "तो तुझा छत्रीवाला," त्या म्हणाल्या, "तो पुढे काय झाला?"

"हवाई दलात गेला, आई."

"सरकारी नोकरी?"

"हो."

"आणि अजून बिनलग्नाचा?"

"शेवटपर्यंत दाखवलं नाही."

त्यांनी चष्मा लावला आणि फोनमध्ये काहीतरी शोधायला लागल्या. नाशिकच्या त्यांच्या मावसबहिणीची नात इंजिनीअर आहे, जरा तोंडाळ आहे, पण असल्या खेकसणाऱ्या मुलाला तशीच हवी. "त्याची उंची किती असेल गं?"