पेन्सविकची थडगी आणि आमचे वीरगळ

साताऱ्याकडच्या आमच्या गावात ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार निघालाय. गाभाऱ्यापर्यंत ग्रॅनाइट बसणार आणि पाराजवळचे वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्यांचे कोरीव स्मृतिदगड, एक तर ऑइलपेंटने रंगवायचे, नाही तर उचलून देवळामागे टाकायचे. मी विरोध केला, तर पुतण्याने ग्रुपवर लिहिलं, ‘काका, तिकडे बसून बोलणं सोपं आहे. गोऱ्यांकडे पैसा आहे म्हणून ते जपतात.’

हे ‘पैसा आहे म्हणून’ मला सहन होत नाही.

मी इंग्लंडमध्ये राहतो, तिथून पेन्सविक हे गाव जवळ आहे. सेंट मेरीज चर्चच्या आवारात, कातरलेल्या यूच्या झाडांमधून, सतराव्या-अठराव्या शतकातल्या कापड व्यापाऱ्यांची थडगी आहेत. काही लांबट, मेजासारखी. काही उभी, गोल किंवा अष्टकोनी. कडेने शिंपले, वेलबुट्टी, पंखवाली बाळं. ब्रायन घराण्यातल्या पाथरवटांनी इथे पिढ्यान्‌पिढ्या काम केलं. त्यांच्यातल्या जॉन ब्रायनचं थडगं पिरॅमिडच्या आकाराचं आहे. याच खोऱ्यातलं लाल कापड ब्रिटिश सैन्याच्या गणवेशाला जायचं. ते डगले घालून कोण कुठे लढलं, हे मला कुणी शिकवायला नको.

पण इथे एखादं थडगं हलवायचं तर व्हिकरला, म्हणजे तिथल्या धर्मगुरूलासुद्धा डायोसिसकडून (धर्मप्रांताकडून) फॅकल्टी, म्हणजे रीतसर परवानगी घ्यावी लागते. दगडावरचं लायकेन, म्हणजे दगडफूल, कुणी खरवडत नाही. सांधे चुन्यानेच भरायचे, कारण सिमेंट पाणी कोंडून धरतं आणि थंडीत या मऊ चुनखडीचे पापुद्रे सुटतात. याला पैसा लागतो, पण त्याआधी हात आवरावा लागतो. आणि ही समज यांनाही उपजत नव्हती. एकोणिसाव्या शतकात यांनीही जीर्णोद्धाराच्या नावाखाली चर्चच्या भिंतींचे जुने गिलावे खरवडून काढले. त्या संतापातून विल्यम मॉरिस या कवी-कलावंताने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवणारी संस्था काढली. आपण निदान त्यांच्या चुकीवरून तरी शिकावं!

पेन्सविकच्या व्यापाऱ्यांची नावं थडग्यांवर आहेत, वर्षं आहेत, मृत्युपत्रंही सापडतात. आमच्या वीरगळांवर अक्षरसुद्धा नाही. खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा, माथ्यावर चंद्रसूर्य, एवढंच. बोरिवलीच्या एकसरला तर वीरगळांवर समुद्रातली लढाई आहे, वल्ह्यांच्या जहाजांसकट. गावाची गुरं सोडवताना पडलेल्या माणसाकडे त्या दगडाशिवाय दुसरा कागद नाही. रंगाचे दोन हात बसले की त्याची ढाल कुठली आणि हात कुठला, हेही कळणार नाही.

पुतण्याचं एक म्हणणं मात्र लागलं. ‘तुमचं इथे आता काय आहे?’ खरंच, घर पडलं, जमीन भावकीत गेली. पेन्सविकच्या मातीतही माझं कुणी नाही आणि मला तर जाळणार. देणगीदारांच्या ग्रॅनाइटच्या पाटीवर आपलं नाव यावं, असं मला फार वाटतं. कुठेतरी दगडावर असावं.

तरी समितीला कळवलंय: वर्गणी पूर्ण देतो, पाटीवर नाव नको. त्या पैशातून वीरगळांभोवती साचणारं पाणी काढून द्या, वर साधं छप्पर घाला, आणि ब्रश लावू नका. पुतण्याने अजून उत्तर दिलेलं नाही.