एन्क्रिप्शनचे धडे मी काढणार नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमचा आक्षेप असा : मी जीपीजी आणि व्हेराक्रिप्ट या फाइल कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरचे धडे मराठीत सगळ्यांना खुले ठेवते, एन्क्रिप्शन (चावीशिवाय वाचता येणार नाही अशी माहिती बदलून ठेवणं) निर्यात-नियंत्रणाच्या यादीत आहे, परदेशातल्या कोणी ते उतरवून घेतले की ती विनापरवाना निर्यात झाली, म्हणून धडे काढा. शिवाय, ‘घाटंजीच्या खेड्यापाड्यांत हे लागतं कोणाला?’

यादीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. संवेदनशील वस्तू आणि तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांच्या वासेनार करारात भारत डिसेंबर २०१७ मध्ये सामील झाला. आपल्या स्कोमेट यादीच्या (देशाबाहेर पाठवायला परवाना लागणाऱ्या वस्तू आणि तंत्रज्ञानाच्या यादीच्या) आठव्या प्रवर्गात माहिती-सुरक्षेचं सॉफ्टवेअरही येतं, आणि सीमा ओलांडायला खोकं लागत नाही, ईमेलही पुरतो. पण याच नियमांत एक वगळणूक आहे : जे सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञान कोणालाही मिळतं आणि पुढे वाटायला ज्यावर बंधन नाही, त्याला हे नियंत्रण लागू नाही. कॉपीराइट असला तरी नाही. जीपीजी तसंच आहे, माझे धडेही तसेच. पासवर्ड लावून निवडक लोकांना दिले असते, तर तुमच्या शंकेला जास्त वजन आलं असतं. तुम्ही जो खुलेपणा बंद करायला सांगता, तोच मला कायद्यात बसवतो.

ही भीती जुनी आहे. अमेरिकेतल्या फिल झिमरमन यांचं पीजीपी हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर १९९१ मध्ये आलं आणि इंटरनेटवरून अमेरिकेबाहेर गेलं. तेव्हा तिथे एन्क्रिप्शन युद्धसामग्रीच्या यादीत होतं. त्यांच्यामागे चौकशी लागली आणि जानेवारी १९९६ मध्ये आरोप न ठेवताच ती मिटली. पीटर जंगर तर तिथलेच कायद्याचे प्राध्यापक. त्यांना आपल्या वर्गाच्या पाठातला एन्क्रिप्शनचा कोड वेबवर टाकायचा होता. सरकारचं उत्तर आलं : छापील प्रकरणाला परवाना नको, तोच कोड इलेक्ट्रॉनिक रूपात असेल तर हवा. एप्रिल २००० मध्ये अपील न्यायालयाने सोर्स कोडलाही अभिव्यक्तीचं संरक्षण आहे असं म्हटलं. तो निकाल आपल्याकडे लागू नाही, हे मला माहीत आहे. पण शिकवणाऱ्याला निर्यातदार ठरवताना काय अडचण येते, ते त्यात स्वच्छ दिसतं.

अमेरिकेच्या त्या निर्यात-बंधनांनी साधलं काय? परदेशी ग्राहकांसाठी मुद्दाम कमकुवत केलेल्या चाव्या सर्व्हरांमध्ये तशाच राहिल्या आणि २०१५ मध्ये ‘फ्रीक’ नावाच्या त्रुटीतून उघड्या पडल्या. धोका अमेरिकेतल्या संकेतस्थळांनाही होता.

आता खेड्याचं. आमच्याकडे बचत गटाच्या सीआरपी ताईच्या (गटांना मदत करणाऱ्या गावातल्या कार्यकर्तीच्या) मोबाइलमध्ये प्रत्येक सदस्याचं आधार, पासबुकचं पहिलं पान आणि अंगठा लावलेले कर्जाचे कागद असतात. पीक विमा भरायला, कापसाच्या खरेदीची नोंदणी करायला सातबारा आणि आधार व्हॉट्सॲपवर सेवा केंद्रात जातात. तिथल्या संगणकाच्या डेस्कटॉपवर गावाच्या अर्ध्या घरांचे कागद उघडे पडलेले मी पाहिले आहेत. त्या पीसीवर बसणारा पोरगा लबाड असतो असं नाही. फाइल बंद कशी ठेवायची हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं. इंग्रजी धडे ढीगभर आहेत, पण त्याला किंवा सीआरपी ताईला त्यांचा उपयोग नाही. म्हणून मी मराठीत लिहिते, आणि नेट चालत नाही त्या गावांत पेनड्राइव्ह नेते. त्यातली सॉफ्टवेअरची प्रत मूळ संकेतस्थळावरून घेतलेली असते. प्रत अस्सल आहे हे दाखवणारी तिची डिजिटल सही कशी तपासायची हा पहिलाच धडा आहे.

वाईट माणूसही हे वापरेल, हे खरं. त्याला माझ्या धड्याची वाट पाहावी लागत नाही. इंग्रजीतलं सगळं त्याला आधीच मिळतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली रीतसर आदेश आला तर फाइल उलगडून द्यावी लागते, न दिल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा, हेही तिसऱ्या धड्यात ठळक लिहिलेलं आहे.

तुम्ही वकिली केली आहे असं लिहिलंत. ही वगळणूक माझ्या धड्यांना लागू होत नाही असं सांगणारं कलम असेल तर क्रमांकासकट इथे टाका. तुमचं म्हणणं मी प्रत्येक धड्याच्या वर लावेन.