हरल्यावर कसे वागावे, आणि जिंकल्यावर तर विशेषच

मोबाइलवर सामना कसा जिंकावा हे शिकवणारे व्हिडिओ ढिगाने मिळतात. सामना संपल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत कसे वागावे, याचे रीतसर शिक्षण मात्र कोणी देत नाही. इंदुरात ही उणीव फारच जाणवते. इथल्या मराठी घरात आलेल्या माणसाला शेव-जीरावन घातलेले पोहे खाऊ घातल्याशिवाय जाऊ देणे असभ्यपणाचे समजतात. आणि त्याच घराच्या मागच्या खोलीतून, रात्री साडेअकराच्या सुमारास, कधीही न पाहिलेल्या एखाद्या मुलाच्या सात पिढ्यांचा उद्धार अस्खलित इंदुरी हिंदीत चाललेला ऐकू येतो. उत्साह भरपूर आहे, पण पद्धत नाही. ती लागावी, एवढ्याच हेतूने हा लेख.

प्रथम पराभवाचा विचार करू, कारण तोच अधिक वेळा वाट्याला येतो. बीजीएमआय या मोबाइलवरच्या बंदुकांच्या खेळात एरांगेल नावाच्या नकाशावर १०० जण विमानातून उड्या टाकतात आणि शेवटी चौघांचा एकच संघ उरतो. म्हणजे प्रत्येक सामन्यात ९६ जणांना कारण शोधावे लागते. हे कारण स्वतःमध्ये कधीही शोधू नये. सुरुवात नेटपासून करावी. 'पिंग बघ, पिंग!' (पिंग म्हणजे नेटला लागणारा उशीर) असे बाजूच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणावे, आणि पिंगचा आकडा नेमका हिरवा, म्हणजे चांगला, असेल तर त्यावर अंगठा ठेवावा. नेट निर्दोष ठरले तर फोन तापल्याचे सांगावे. त्याच सुमारास आईने 'पान वाढलंय, ये आता' अशी हाक मारली असेल, तर तिचाही कारणांत समावेश करून घ्यावा; मात्र जेवायला बसल्यावर हा विषय काढू नये.

एवढे करूनही कोणाचे समाधान झाले नाही, तर सोबतचे तिघे असतातच. समजा, ते घरात दबा धरून बसलेले असताना तुम्ही एकटेच नकाशावरच्या पोचिंकी गावाच्या मोकळ्या रस्त्यावर धावत सुटलात आणि समोरच्या छपरावरून आलेल्या गोळ्यांनी नॉक, म्हणजे अर्धमेले, झालात. आता तुम्ही गुडघ्यांवर रांगत आहात, तांबडी पट्टी कमी कमी होत चालली आहे, आणि रिव्हाइव्ह करायला, म्हणजे पुन्हा उभे करायला, आलेला गडी तुमच्याशेजारी बसल्या बसल्या त्याच छपरावरून मारला जातो. अशा प्रसंगी त्याचे आभार मानण्याची दुर्बुद्धी काही नवशिक्यांना होते. जाणता खेळाडू त्याला 'स्मोक तरी टाकायचा ना, भिया!' एवढेच सुनावतो, उरलेले दोघे अजून झुंजत असताना सामना सोडतो, आणि लॉबीत, म्हणजे सामन्याबाहेरच्या पडद्यावर, जाऊन आपल्या पात्राला नवा शर्ट कोणता घालावा याचा विचार करत बसतो.

सोबत्यांना दोष देण्याच्या बाबतीत इंदूरच्या इतिहासातली एक सुवर्णसंधी वाया गेलेली आहे, हे इथे खेदाने नमूद करावे लागते. १९४४-४५ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईने होळकर संघापुढे ८६७ धावांचे लक्ष्य ठेवले होते. सी. के. नायडूंच्या त्या संघातून तेव्हा डेनिस कॉम्प्टन हा इंग्लंडचा फलंदाज खेळत होता. दुसऱ्या डावात तो २४९ धावांवर नाबाद राहिला, आपल्या मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके ठोकली, आणि तरीही संघ ४९२ धावांत आटोपून सामना ३७४ धावांनी गेला. एका माणसाने २४९ धावा करून नाबाद राहायचे आणि सामना मात्र हरायचा! 'टीम नूब आहे, मी एकटाच कॅरी करत होतो' (म्हणजे संघ अडाणी, भार सगळा माझ्यावर) हे वाक्य लिहिण्याचा याहून मोठा हक्क आजवर कोणाला पोहोचला असेल असे वाटत नाही. पण त्या काळी चॅट नव्हते. पुढच्याच मोसमात होळकर संघाने रणजी करंडक जिंकला आणि त्यानंतर आणखी तीन वेळा जिंकला. आजच्यासारखी सोय असती तर नेटमध्ये सराव करायला एवढा वेळ त्यांना मिळाला असता का, याचा विचार वाचकांनीच करावा.

यानंतर तक्रारीचे बटण. चीट वापरणारे खेळाडू असतात आणि हे बटण त्यांच्यासाठी दिलेले आहे, असा एक संकुचित समज रूढ आहे. वस्तुतः ज्याने तुम्हाला मारले तो प्रत्येक जण हॅकरच असतो; अन्यथा तुम्ही मेलाच कसे असता? मेल्यावर त्याच्या बाजूने संपूर्ण प्रसंग दाखवणारी जी डेथ रिप्ले असते, ती मात्र चुकूनही उघडू नये. उघड्या खिडकीत, पाठमोरे, निवांतपणे बंदूक भरत उभे असलेले तुम्ही त्यात दिसता, आणि मग तक्रारीतला जोर ओसरतो. हा खेळ २०२३ च्या मे महिन्यात भारतात परत आला तेव्हा १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालण्यात आली होती. त्यातला किमान अर्धा तास तक्रारी आणि भांडणे यांसाठी राखून ठेवण्याची सवय पालकांनी मुलांना वेळीच लावावी.

ऑनलाइन बुद्धिबळ हा सभ्य माणसांचा खेळ असल्यामुळे तिथे बोलायचे काहीच नसते. जे करायचे ते घड्याळाकडून करवून घ्यायचे. दहा मिनिटांच्या डावात तुमची सात मिनिटे शिल्लक आहेत, वजीर गेलेला आहे, आणि पुढच्या चालीला मात होणार हे दोघांनाही दिसते आहे, असे समजू. राजीनामा देणे अगदीच बाळबोध आहे. फोन तसाच उघडा ठेवून चहा टाकावा. पलीकडे कोणीतरी सात मिनिटे स्क्रीनकडे डोळे लावून बसला आहे, या कल्पनेने त्या चहाला जी गोडी येते ती साखरेने येणार नाही. 'तुम्ही अजून आहात का?' अशी विचारणा साइटने केलीच, तर एक प्यादे सरकवून पुन्हा आले किसायला घ्यावे. समोरासमोरच्या बुद्धिबळात ही मोकळीक नाही. २००८ साली विक आन झी येथील स्पर्धेत इव्हान चेपारिनोव्हने नायजेल शॉर्टशी हस्तांदोलन करायला दोनदा नकार दिला, तेव्हा पंचांनी डाव सरळ शॉर्टला बहाल केला. अपिलात तो डाव पुन्हा खेळवायचे ठरले, आणि शॉर्टने तो पटावरही जिंकला. एवढा खटाटोप केवळ हात न दिल्याबद्दल! ऑनलाइन खेळात हातच नसतो, ही केवढी प्रगती म्हणायची.

आता विजय. तो क्वचित येतो म्हणूनच त्याचे शास्त्र नीट शिकून घ्यावे. सामना संपला की 'जीजी' (गुड गेम, म्हणजे छान खेळ झाला) लिहिण्याची जुनी रीत आहे; स्टारक्राफ्ट या जुन्या संगणकी खेळाच्या काळी तर ते हरणाऱ्याने आधी लिहायचे आणि हार मान्य करायची, असा संकेत होता. आपण जिंकणाऱ्याने आधी लिहावे, आणि मागे 'ईझी', म्हणजे सोपे होते, असे जोडावे, म्हणजे समोरच्याला आपण कोणत्या लायकीचे आहोत हे वेळीच कळते. ब्लिझार्ड कंपनीने २०१६ मध्ये आपल्या ओव्हरवॉच या खेळात या बाबतीत एक अक्षम्य ढवळाढवळ केली. कोणी 'जीजी ईझी' लिहिले की त्याच्या नावाने भलतेच वाक्य सर्वांना दिसू लागले. त्यांपैकी एकात तर तो खेळाडू आपली झोपायची वेळ टळून गेल्याचे कबूल करून आईला सांगू नका, अशी विनवणी करत असे. २०२१ मध्ये लीग ऑफ लेजंड्स या खेळात रायट कंपनीने प्रतिस्पर्ध्यांशी बोलायचे चॅटच काही काळ बंद ठेवले. शिव्या द्यायच्या नसतील तर माणसाने दोन्ही अंगठे वापरून खेळायचे तरी कशासाठी, हा प्रश्न या कंपन्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही.

सुदैवाने चॅट बंद झाले म्हणून अडून बसणारी आपली जात नाही. मोटारींनी फुटबॉल खेळायच्या रॉकेट लीगमध्ये ठरावीक वाक्यांची तयार बटणे असतात; त्यांतले 'काय अडवलास!' अशा अर्थाचे वाक्य सोबत्याच्या कौतुकासाठी दिलेले आहे. ते प्रतिस्पर्ध्याने गोल खाल्ल्यावर लागोपाठ तीनदा दाबावे. क्लॅश रोयालमध्ये खदाखदा हसणारा राजा असतो. समोरच्याचा शेवटचा मनोरा कोसळत असताना त्याला हसवत राहावे. आणि बीजीएमआयमध्ये, मारलेल्या माणसाच्या पेटीवर उभे राहून नाचावे. पेटीतली लूट घेण्यापूर्वी नाचायचे की नंतर, याविषयी मतभेद आहेत. माझ्या मते आधी नाचावे, कारण नाचताना तिसरा संघ येऊन आपल्यालाही मारून जातो आणि सामानाची आवराआवर वाचते. भारतासाठीच्या या आवृत्तीत रक्त लाल न दाखवता हिरवे दाखवतात, ते मुलांच्या मनावर वाईट परिणाम होऊ नये म्हणून. माइकमधून येणाऱ्या भाषेचा रंग बदलण्याची सोय अजून झालेली नाही.

ल्युडोसाठी वेगळा अभ्यास लागत नाही. भिशीतल्या मावश्या-काकवा यात कोणत्याही मुलाला मागे टाकतील. घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी मारली गेली की मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि दहा मिनिटांनी ग्रुपवर 'अगं, नेट गेलं होतं' असे कळवायचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नाही.

सरतेशेवटी एका धोक्याची सूचना देणे कर्तव्य समजतो. वर सांगितलेले सर्व काही एकाच आधारावर उभे आहे: समोरचा माणूस म्हणजे एक टोपणनाव आणि एक हेल्मेट, याहून अधिक काही असता कामा नये. लोकमान्य नगरातल्या आमच्या एका ओळखीच्या मुलाची यामुळे झालेली दुर्दशा आम्ही प्रत्यक्ष ऐकली आहे. आपोआप जुळवलेल्या संघात एक अनोळखी सोबती आला, त्याने गाडी झाडावर घातली, आणि हा त्याच्यावर तुटून पडला. चांगली रंगत आली होती. एवढ्यात त्या सोबत्याच्या माइकमधून मागचा आवाज आला, 'अरे, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद कर रे!' स्वच्छ मराठीत. हा एकदम थांबला. म्हणाला, 'भिया, इंदूरचा का तू?' तो निघाला सुदामा नगरचा. पुढची चार मिनिटे दोघे कोणत्या शाळेत, कोणत्या सरांच्या हाताखाली, अमक्याची ताई तमक्याच्या वहिनीची कोण, असे बोलत राहिले. याने त्याला स्वतःचे हेल्मेट दिले, वर फर्स्ट-एडही दिले, आणि झोन, म्हणजे खेळायचे सुरक्षित वर्तुळ, आवळत आला तरी दोघांना भान नव्हते. सामना अर्थातच गेला. इतकेच नव्हे, तर गेल्यावर दोघांनीही 'माझंच चुकलं' असे म्हटले, आणि रविवारी सकाळी छप्पन दुकान या इंदूरच्या खाऊगल्लीत भेटायचे ठरवले.

तेव्हा गाव विचारू नये. आडनाव तर मुळीच विचारू नये, कारण इंदुरात मराठी आडनावावरून तिसऱ्या वाक्याला नाते निघते आणि नात्यातल्या माणसाला नूब म्हणता येत नाही. स्वतःचा माइक चालू असताना मागे कुकर, आरती किंवा आजोबा यांपैकी काहीही असू नये. इतकी खबरदारी घेऊनही त्याने स्वतःहूनच 'राजवाड्याकडचे का तुम्ही?' असे विचारले, तर उत्तर न देता ताबडतोब सामना सोडावा. मेरिटचे, म्हणजे खेळातल्या चांगल्या वर्तनाचे, काही गुण कापले जातील, पण त्याच्या आईचे नाव कळण्यापेक्षा ते परवडले.