वेतोबाक मुखवटो कित्याक?

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार वेळा आला. आधी वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, मग शाळासोबत्यांच्या, मग मुंबईकर चुलत भावंडांच्या. शेवटी खुद्द नानाकाकांनी पाठवला, वर हात जोडल्याची तीन चित्रं. मेसेज असा:

"जगातला पहिला सुपरहीरो कोकणातला! इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, म्हणजेच फँटम, हा आपला आरवलीचा वेतोबाच. एका अमेरिकन लेखकाने कोकणात येऊन ही कथा ऐकली आणि चोरली. पुरावा त्याच्या नावातच आहे. सुपरमॅनच्याही आधी तो आला, म्हणजे पहिला मान आपला. वेतोबासारखाच तो अमर आहे. पुढे हॉलिवूडने त्याची वाट लावली, मूळ वेताळ मात्र कधीच बदलला नव्हता. अभिमानाने पुढे पाठवा."

मी वेंगुर्ले तालुक्यातला. वेतोबा, म्हणजे आरवली गावाचा राखणदार देव, मला लहानपणापासून ठाऊक, आणि वेताळही. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत इंद्रजालचे शे-दीडशे अंक होते. कसर लागलेले, काहींच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत "ना." एवढंच अक्षर. त्या पेटीच्या जोरावर लिहितो आहे. देवाचा अभिमान मलाही आहे, पण या मेसेजमधला एकेक मुद्दा हातात घेतला की निसटतो.

आधी ती चोरी. फँटमचा जनक ली फॉक. जन्म १९११, गाव अमेरिकेतलं सेंट लुईस. १९३४ साली त्याचा जादूगार मँड्रेक सुरू झाला आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी किंग फीचर्स सिंडिकेटमार्फत वर्तमानपत्रांत रोजच्या चित्रपट्टीतून फँटम आला. चित्रं रे मूर यांची. देशोदेशी फिरणाऱ्या नायकांच्या गोष्टी लिहिणारा माणूस स्वतः फिरलेला असावा, म्हणून हा तरुण आपण जग पाहिलंय असं सांगत असे. खरी गोष्ट अशी, की मँड्रेक विकायला तो न्यूयॉर्कला गेला, तोच तोवरचा त्याचा सगळ्यात लांबचा प्रवास. आरवलीला यायचं तर त्या काळी मुंबईहून आगबोटीने वेंगुर्ले बंदर आणि पुढे बैलगाडी. शिवाय शेजारी शिरोड्याला तेव्हा वि. स. खांडेकर शाळा चालवत होते. वेतोबाच्या देवळात वही घेऊन बसलेला अमेरिकन त्यांच्या नजरेतून सुटला असता, आणि त्याच्यावर एखादा लघुनिबंधही झाला नसता, हे मला पटत नाही.

त्याहून मोठी गोम पहिल्याच कथेत आहे. फॉकच्या डोक्यात आधी जंगल नव्हतंच. जिमी वेल्स नावाचा न्यूयॉर्कचा श्रीमंत, रंगेल तरुण रात्री मुखवटा घालून गुन्हेगारांना धडा शिकवतो, अशी मूळ कल्पना होती. कथा अर्ध्यावर आली तेव्हा लेखकाचं मन बदललं आणि नायक जंगलात गेला. जिमी वेल्सचं पुढे काय झालं, ते कधी नीटसं सांगितलंच नाही. वेतोबाची कथा चोरणारा माणूस सुरुवात न्यूयॉर्कच्या श्रीमंतापासून कशाला करेल?

हिंदुस्थानचा वास त्या कथेला आहे, हे मात्र नाकारत नाही. फँटमचे सोबती म्हणजे बांदर नावाची बुटक्या माणसांची जमात; हे नाव किपलिंगच्या जंगलकथांतल्या वानरांवरून आलं. समुद्री चाच्यांची टोळी 'सिंग' नावाची, आणि प्रदेशाचं नाव बंगालची आठवण करून देणारं. म्हणजे पुस्तकं वाचून घरबसल्या रचलेला पूर्वेकडचा देश. टारझन आणि मोगली आपल्या मनात होते, हे फॉकनेच सांगितलेलं आहे. चोरीच म्हणायची तर फिर्याद किपलिंगच्या वारसांनी करावी, आरवलीच्या मानकऱ्यांनी नव्हे.

आता नाव. सगळा घोळ इथला आहे आणि खरी मजाही इथेच आहे.

फँटम आपल्याकडे आधी इंग्रजीतून आला, 'इलस्ट्रेटेड वीकली'च्या पानांवर. मग मार्च १९६४मध्ये टाइम्स समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिले बत्तीस अंक नुसत्या फँटमचे. देशी भाषांत काढताना त्याला देशी नाव हवं होतं. हिंदीत तो वेताल झाला, मराठीत वेताळ. म्हणजे नाव जन्मानंतर अठ्ठावीस वर्षांनी चिकटलं, तेही भाषांतराच्या टेबलावर. नाव हाच पुरावा असेल तर बंगाली लोक आपल्याहून पुढे जातील: त्यांच्याकडे तो अरण्यदेव आहे. उद्या सुंदरबनातून मेसेज आला, की फँटम म्हणजे आमचाच वनदेव, तर नानाकाका काय उत्तर देणार?

आणि नुसतं नावच बदललं नाही. 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले, कारण सिंग आडनावाची माणसं इथे शेजारी राहतात. प्रदेशाचं 'बंगाला' हे नाव 'डेंकाली' झालं. पहिल्या फँटमच्या बापाला मारणारा रामा इथे रामालू झाला. फॉकच्या कथेत पूर्वेकडचं जे काही होतं, ते हिंदुस्थानात येताना पुसून टाकावं लागलं, आणि नायकाला मात्र इथलं अस्सल नाव मिळालं. असा उलटासुलटा प्रवास फार थोड्या नायकांच्या वाट्याला आला असेल.

ज्याने कोणी वेताळ हे नाव निवडलं, त्याला मी दाद देतो. फँटमला सरळ भूत म्हटलं असतं तर पोरं हसली असती. वेताळ म्हणजे भुतांचा राजा. विक्रमाच्या पाठीवर बसून कोडी घालणारा वेताळ उभ्या महाराष्ट्राला माहीत. पण आमच्या बाजूला, आणि खाली गोव्यात बेताळ म्हणून, तो गावाचा राखणदार आहे. लोलयेला, पैंगिणीला त्याची देवळं आहेत, बेताळभाटी गावाने तर त्याचं नावच घेतलंय. त्यामुळे घाटावरच्या मुलाने अंक उघडला की त्याला झाडावर लोंबकळणारा वेताळ आठवायचा, आणि आम्हाला हातात तलवार घेऊन ताठ उभा असलेला, चांगला नऊ फुटी देव. पूर्वी ही मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. वेतोबा रात्री गावात फिरतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. म्हणून लोक नवसाला केळीचे घड आणि चामड्याच्या प्रचंड वहाणा वाहतात. सहावीत असताना मी त्यातल्या एका वहाणेशेजारी बसून माझा पाय मापाला लावला होता. टाच टेकली ती टाचेवर आणि बोटं जेमतेम वहाणेच्या मध्यावर. तिथून सरळ घरी येऊन पेटीतला अंक काढला, तर फँटमच्या पायात बूट. माझा हिरमोड झाला होता, हे कबूल करतो.

आजीने तर निकाल त्याच दिवशी लावला. मुखपृष्ठ तिच्यापुढे धरून मी म्हटलं, "आजी, हो बघ वेतोबा." तिने चष्मा वर सारून पाहिलं. "ह्यो आपलो वेतोबा न्हय रे. आपल्या वेतोबाक मुखवटो कित्याक व्हयो? तो काय कोणाक भियाता?" चाळीस वर्षांत या विषयावर याहून नेमका मुद्दा मी ऐकलेला नाही. फँटमची सगळी मातब्बरी तोंड झाकण्यात आहे. वेतोबाची तो समोर उभा असण्यात.

पहिलेपणाचं थोडक्यात उरकतो. सुपरमॅन जून १९३८चा, म्हणजे फँटम दोन वर्षांनी वडील, हे बरोबर. पण मुखवटा घालून अन्यायाशी लढणारा झोरो १९१९ सालचा आहे. जपानात रस्त्यावर चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे लोक १९३०च्या आसपासच कवटीच्या तोंडाचा, अंगरखा फडकवत उडणारा 'सोनेरी वटवाघूळ' नायक मुलांना दाखवत होते. फँटमकडे उरतं ते एवढंच: अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा. ही चाल पुढे निम्म्या सुपरहीरोंनी उचलली. मान लहान नाही, पण तो फॉकचा आहे.

अमरत्वाचा मुद्दा वाचून मात्र मी कपाळावर हात मारला. इंद्रजालचे दोन अंक वाचलेल्या पोरालाही माहीत असतं, की फँटम अमर नाही. १५३६ साली चाच्यांनी जहाज लुटलं, त्यातून वाचून एक तरुण किनाऱ्याला लागला. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली. त्यानंतर बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलाला वाटतं तोच एक माणूस चारशे वर्षं जिवंत आहे. खरं काय ते कवटीच्या गुहेतल्या थडग्यांना माहीत, आणि आपल्याला. वाचक कटात सामील आहे, म्हणून तर गोष्टीला मजा. त्याला गोळी लागते, ताप येतो. शक्ती म्हणाल तर तालीम आणि हिंमत. वेतोबाच्या बाबतीत असा कट कोणी केलेला नाही.

कवटीवरून आठवलं. फँटमच्या उजव्या हातात कवटीची अंगठी असते. ठोसा बसला की गुन्हेगाराच्या जबड्यावर शिक्का उठतो, तो जन्मात जात नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही करवंटी घासून अंगठी केली, खिळ्याने डोळे कोरले. शाईचा शिक्का घामाने पुसला जाई. मग माझ्याच सुपीक डोक्यातून काजूच्या ओल्या बियेचा चीक निघाला. अंगठी त्यात बुडवली आणि मुंबईहून आलेल्या चुलत भावाच्या गालावर टेकवली. संध्याकाळपर्यंत चीक उतला, गाल टम्म सुजला, फोड आले. "शिरा पडली तुझ्या तोंडार!" म्हणत आजीने आधी त्याच्या गालाला खोबरेल लावलं आणि मग माझ्याकडे वळली. डाग जायला पुढची गणेशचतुर्थी उजाडली. डागाचा आकार कवटीचा नव्हताच, करवंटीएवढा गोल होता.

राहिला शेवटचा मुद्दा: मूळ वेताळ कधी बदलला नव्हता, हॉलिवूडने त्याला बिघडवलं. हा मला सगळ्यात चुकीचा वाटतो, कारण बदल करणाऱ्यांत पहिला नंबर खुद्द फॉकचा लागतो. जिमी वेल्सची गोष्ट वर आलीच. पोशाख त्याच्या मनात करड्या रंगाचा होता. रोजची पट्टी काळी-पांढरी असल्याने तीन वर्षं अडलं नाही. मे १९३९मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि छापताना तो जांभळा झाला. स्वीडनमध्ये तो निळा, इटलीत लाल. त्याचा प्रदेश आधी आशियाच्या बाजूला होता, पुढे तो आफ्रिकेत सरकला. रे मूर यांच्या सावल्यांतला गूढ फँटम आणि १९६१पासून साय बॅरी यांनी काढलेला रुबाबदार फँटम शेजारी ठेवा, सख्खे भाऊही वाटणार नाहीत. १९७७ साली तर त्याने आपल्या प्रेयसीशी, डायनाशी, रीतसर लग्न केलं.

पडद्याचं म्हणाल, तर १९४३ची कोलंबियाची पंधरा भागांची मालिका काळी-पांढरी होती आणि टॉम टायलरचा फँटम त्यात प्रेस्कॉट या नावाने वावरतो. पुढचा भाग काढायचं ठरलं तोवर हक्क हातचे गेले होते, म्हणून १९५५ साली थोडा पोशाख बदलून त्याचा 'कॅप्टन आफ्रिका' करण्यात आला. १९८६च्या कार्टूनमध्ये तो मंत्र म्हणून दहा वाघांचं बळ अंगात आणतो. १९९४च्या कार्टूनमध्ये साल २०४० आहे आणि फँटम चोविसावा. १९९६च्या चित्रपटात मेलेला बाप येऊन त्याच्याशी बोलतो, अंगठीतही जादू निघते. २००९च्या टीव्ही मालिकेत जांभळा पोशाख जाऊन बळ वाढवणारा यांत्रिक पोशाख आला.

ओळीने पाहिलं तर हॉलिवूडने त्याची शक्ती काढून घेतलेली नाही, नसलेली शक्ती त्याच्या गळ्यात घातली आहे. मेसेजवाल्याला अमर, दैवी वेताळ हवा आहे ना? त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा वेताळ त्याच बदनाम पडद्यावर आहे. मला विचाराल तर १९९६चा चित्रपट म्हणतात तितका वाईट नाही. बिली झेनने तो जांभळा पोशाख जराही न लाजता घातला, तिकीटबारीवर आपटला तरी. २००९ची मालिका मात्र मी पहिल्या अर्ध्या तासात बंद केली.

हे सगळं मी परवा नानाकाकांना फोनवर सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, फक्त कवटीच्या अंगठीपाशी खोकल्यासारखं हसले. तो गाल त्यांच्याच मुलाचा होता. मग म्हणाले, "बरा. मेसेज काढून टाकतंय. पण तुझ्या बापाशीच्या पेटयेत 'ना.' लिवलली पुस्तका आसत ती माझी. ती आधी परत कर."