‘१० वॅटमध्ये काय होणार?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दुर्गम वस्तीसाठीच्या लहान टीव्ही ट्रान्समीटरवरच्या माझ्या लेखावर आपण दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपले तीन आक्षेप आहेत. दुर्गम वस्तीसाठी १० वॅटचा टीव्ही ट्रान्समीटर म्हणजे खेळणे, निदान ५०० वॅट तरी हवेत. लेखात केबल आणि अँटेनावर उगाच एवढी जागा घालवली. आणि घरोघरी डिश बसत असताना हा खटाटोप कशाला?

पहिले दोन आक्षेप खरे तर एकच आहेत. ट्रान्समीटरच्या पाटीवरचा आकडा हवेत जात नाही. हवेत जाते ती ईआरपी (प्रसारित होणारी प्रभावी शक्ती), म्हणजे ट्रान्समीटरच्या शक्तीतून केबल-कनेक्टरची घट वजा करायची आणि अँटेनाचा गेन (झोत एका दिशेला एकवटल्याने होणारी वाढ) मिळवायचा. डीबी (डेसिबल) हे पटीचे माप, १० डीबी म्हणजे शक्ती दहापट. १० वॅट, २ डीबी घट आणि डायपोलच्या (साध्या दोन दांड्यांच्या अँटेनाच्या) तुलनेत १२ डीबी गेन धरला तर ईआरपी १०० वॅट होते. मध्ये काही आड येत नसेल तर १० किमीवर तिचे क्षेत्रबल (तिथे पोहोचलेल्या सिग्नलची ताकद) सुमारे ७७ डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर भरते. अमेरिकेत डिजिटल यूएचएफसाठी (टीव्हीच्या उच्च वारंवारतेच्या पट्ट्यासाठी) ४१ ही किमान पातळी धरतात, तीही बाहेर उंचावर लावलेल्या अँटेनासाठी. म्हणजे ३६ डीबी हातात राहिले. झाडी, जमिनीवरची परावर्तने आणि घरातली जुनाट केबल यांनी त्यातले २० खाल्ले तरी चित्र लागते.

आता ५०० वॅट लावा. मिळाले किती? १७ डीबी. मध्ये डोंगराची धार आली तर २० ते ३० डीबी सहज जातात, मग ते १७ पुरत नाहीत. तिथे मनोरा हलवणे किंवा धारेवर दुसरा लहान रिपीटर (सिग्नल उचलून पुन्हा सोडणारे यंत्र) ठेवणे हाच उपाय. शिवाय ५०० वॅटचे वीजबिल, थंडावा आणि सुटे भाग आयुष्यभर सांभाळायचे, ते वेगळेच.

उंचीचा हिशेब सोपा आहे. मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ गुणिले ४.१२, आले रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये. ३० मीटरचा मनोरा २२.६ किमी देतो, घरावरची ९ मीटरवरची अँटेना १२.४ किमी, मिळून ३५. मनोरा ६० मीटरचा केला तर एकूण ४४, म्हणजे खर्च दुपटीहून अधिक आणि लाभ ९ किमीचा. म्हणून लोखंड वाढवण्याआधी टेकडी शोधावी.

पण टेकडीचाही फटका बसतो, आणि ही चूक फार वेळा होते. अधिक गेनसाठी चार अँटेना-पॅनेल एकावर एक लावले की झोत उभ्या दिशेत अरुंद होतो. वस्ती १ किमीवर आणि ३०० मीटर खाली असेल तर ती क्षितिजाच्या १७ अंश खाली पडते, म्हणजे मुख्य झोताबाहेर. मग पलीकडच्या खोऱ्यात चित्र स्वच्छ आणि पायथ्याशी काहीच नाही. अशा जागी दोनच पॅनेल लावावेत आणि झोत खाली झुकवावा. गेन कमी झाला तरी चालतो, कारण अंतरच मुळात कमी आहे.

केबलला जागा का दिली तेही सांगतो. ६०० मेगाहर्ट्झला ३० मीटर आरजी-२१३ केबल जवळपास ५ डीबी खाते, १० वॅटपैकी वर ३ पोहोचतात. अर्ध्या इंची फोम केबलमध्ये १.७ डीबी जातात, वर ६.८ वॅट पोहोचतात. बाहेरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरले की परावर्तन वाढते. एसडब्ल्यूआर (हे परावर्तन मोजणारे गुणोत्तर) १.५ असताना ४ टक्के शक्ती परत येते, ३ झाला की २५ टक्के, आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला आउटपुट खाली आणतो. मग ‘पावसाळ्यात रेंज कमी होते’ अशी तक्रार येते. स्वतःला चिकटणारी रबर टेप, तिच्यावर उन्हाला टिकणारी टेप, आणि केबल आत नेण्यापूर्वी पाणी ठिबकण्यासाठी खाली वळसा, एवढ्याने बहुतेक त्रास टळतो.

एका बाबतीत आपली शंका रास्त आहे. अ‍ॅनालॉगसाठी १० वॅटचे म्हणून विकलेले अँप्लिफायर डिजिटल सिग्नलला सुमारे चौथाईच शक्ती देते, कारण त्या सिग्नलची शिखरे सरासरीहून बरीच उंच असतात. जबरदस्तीने जास्त घेतले तर शेजारच्या चॅनेलमध्ये कचरा पसरतो आणि आपल्याच सिग्नलचा एमईआर (सिग्नलच्या शुद्धतेचे माप) घसरतो. म्हणून विकत घेताना डिजिटल सरासरी शक्तीच विचारावी.

विजेचे गणित बहुतेकजण शेवटी करतात, तेव्हा उशीर झालेला असतो. ट्रान्समीटर, रिसीव्हर, एन्कोडर (चित्र डिजिटल करणारे यंत्र) मिळून १०० वॅट भार धरा. दिवसाला २.४ युनिट, म्हणजे २४ व्होल्टला १०० अँपिअर-तास. तीन ढगाळ दिवस काढायचे आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी करायची नाही, तर ६०० अँपिअर-तास लागतात. दिवसाला पाच तास पूर्ण ऊन आणि ३० टक्के घट धरली तर सौर पॅनेल ७०० वॅटचे. आपल्या ५०० वॅटच्या ट्रान्समीटरला हाच हिशेब लावून बघा.

राहिला डिशचा मुद्दा. पंधरा-वीस घरे आणि फक्त बाहेरचे चॅनेल बघायचे असतील तर डिशच लावावी, वाद नाही. पण डिशमधून वस्तीचे स्वतःचे काही जात नाही. ऑस्ट्रेलियात १९८७ पासून ब्रॅक्स योजनेखाली दुर्गम आदिवासी वस्त्यांना उपग्रह रिसीव्हर, लहान ट्रान्समीटर, कॅमेरा आणि व्हीसीआर दिले गेले. हवे तेव्हा उपग्रहाचा कार्यक्रम तोडून स्थानिक भाषेतला कार्यक्रम सोडता येत असे. पुढे डिजिटल बदलात घरोघरी डिश आल्या, चॅनेल वाढले आणि ही सोय बहुतेक ठिकाणी गेली. ती राखायची असेल तर एन्कोडर, मल्टिप्लेक्सर (चॅनेल एकत्र गुंफणारे) आणि मॉड्युलेटर (ते प्रसारण लहरींवर चढवणारे) वस्तीतच हवेत आणि ते चालवणारी दोन माणसेही.

आपल्या मनात एखादी विशिष्ट जागा असेल तर दोन्ही टोकांची उंची, मधल्या कड्याची उंची आणि तो किती अंतरावर आहे ते कळवा. किती वॅट लागतील ते मग सांगता येईल.