आधी टक्का ठरवा, मग मोजा

हातात मावणाऱ्या संगणकांच्या भांडणात कोणत्या बाजूच्या सॉफ्टवेअरचा बाजारात किती वाटा आहे, हे तुम्हाला सांगायचंय ना? मग कृपा करून मोजायला बसू नका. मोजायला बसलेली माणसं आजवर कुठल्याच निष्कर्षाला पोचलेली नाहीत. आधी आकडा ठरवा. साठ टक्के? नको, फार गोल आहे, लोकांना वास येतो. ६१.४ करा. दशांश चिन्हापुढे एक अंक दिसला की वाचणारा आपोआप चष्मा पुसतो.

सरावासाठी पाम आणि मायक्रोसॉफ्टचं विंडोज सीई यांची जोडी घ्या. पामचं पहिलं यंत्र, म्हणजे पायलट, मार्च १९९६ मधलं, विंडोज सीई त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातलं. दोघंही निवर्तले, त्यामुळे कोणी भांडायला येणार नाही. (येतील. काहींच्या खिशात अजून स्टायलस, म्हणजे पडद्यावर टेकवायची ती काडी, आहे.)

अंश कोणीही गोळा करतो हो, खरं कसब छेदात. तरी अंशापासूनच सुरुवात करू. तुम्ही विंडोजवाले असाल, तर सॉफ्टवेअर कॅटलॉगमधल्या नोंदी मोजा. २००० साली आलेल्या पॉकेट पीसींमध्ये, म्हणजे विंडोज सीईवर चालणाऱ्या यंत्रांमध्ये, प्रोसेसरच्या तीन जाती होत्या: मिप्स, एसएच३ आणि आर्म. एकासाठी कंपाइल केलेला, म्हणजे त्याच्या यंत्रभाषेत उतरवलेला, प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालायचा नाही. त्यामुळे लिहिणारा बिचारा आपलं एकुलतं एक गजराचं घड्याळ तीनदा कंपाइल करून तीन फाइली चढवायचा. तुम्ही त्या तीन घड्याळांना तीन उत्पादनं म्हणायचं. त्याच्या कष्टाची तेवढी तरी कदर नको?

पामवाले असाल तर मुळीच खचू नका, तुमच्याकडे मोटोरोलाच्या ड्रॅगनबॉल प्रोसेसरची एकच जात असली तरी. तुमच्या पदरी पीडीबी फायली, म्हणजे पामच्या माहितीच्या फायली, आहेत. एखाद्या हौशी माणसाने जुनी कादंबरी टंकून पामवर वाचता येईल अशी करून ठेवली, ती फाइल. शब्दांच्या याद्या, पाककृती, त्याही फायलीच. सगळं सॉफ्टवेअरमध्ये धरा. शिवाय हॉटेलच्या बिलावर टिप किती ठेवायची हे सांगणारे कॅल्क्युलेटर आहेतच. ते इतके होते की माणूस मोजता मोजता दमायचा, आणि मोजणारा दमला की आकडा आपल्याला हवा तेवढा लावता येतो.

नोंदी नकोत, वापर हवा, असा कोणी हट्ट धरला तर वेबसाइटवर कोणत्या यंत्रावरून किती जण आले ते बघा. पॉकेट पीसीत ब्राउझर आधीपासूनच भरलेला असे. बहुतेक पाम मात्र केबल जोडून हॉटसिंक, म्हणजे मोठ्या संगणकाशी माहितीची देवाणघेवाण, केल्याशिवाय जगाशी बोलत नसत. त्यामुळे या मोजणीत पाम जवळजवळ नामशेष दिसतं. ज्यांच्याकडे दार नाही ते बाहेर का येत नाहीत, हा प्रश्न अहवालात विचारायचा नसतो.

आता छेद. इथे सावकाश चला. कारखान्यातून निघालेली यंत्रं धरायची, दुकानात खपलेली की रोज वापरात असलेली? निघालेली धरा. ती मोजायला सोपी, आणि गोदामात पडून राहिलेलं यंत्र कधीच तक्रार करत नाही. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक पाम थ्री आहे. दोन ट्रिपल-ए सेलवर चालायचं. सेल संपले आणि मी बदलायचा आळस केला, तर त्यातले सगळे फोन नंबर आणि प्रोग्रॅम उडायचे. एका हिवाळ्यात उडाले, ते मी परत भरलेच नाहीत. स्टायलस हरवला, झाकणावर चरा आहे. पण मोजदादीत ते अजून ठणठणीत आहे. वर्षानुवर्षं ते कोणा ना कोणाच्या आलेखात पामचा स्तंभ केसभर उंच करत आलंय, आणि मला एक पैही मिळालेली नाही.

छेदाचा दुसरा गुण असा, की कोणाला आत घ्यायचं ते तुम्हीच ठरवता. २००४ च्या तिसऱ्या तिमाहीत गार्टनर या बाजाराचे आकडे काढणाऱ्या कंपनीच्या हिशेबात विंडोज सीईने पाम ओएसला मागे टाकलं, केवढी बातमी झाली! त्या हिशेबात पाम ओएसवर चालणारा ट्रिओ हा फोन होता, म्हणून बाहेर. ब्लॅकबेरी मात्र पीडीए, म्हणजे हातात मावणारा संगणक, म्हणून आत. दोन्ही खिशात जायचे, दोन्हींवर मेल यायची, दोन्हींवर बोलताही यायचं. गार्टनरने आपली व्याख्या निदान उघड सांगितली होती. तुम्ही तेवढे भाबडे होऊ नका.

बेरीज-वजाबाकी कोणी तपासेल, ही भीती तर मनातून काढूनच टाका. २ मार्च २००० ला पामचे शेअर बाजारात आले. पामची सुमारे ९५ टक्के मालकी तेव्हा थ्रीकॉम या तिच्या मूळ कंपनीकडेच होती. तरी दिवस संपताना अख्ख्या थ्रीकॉमची किंमत तिच्या हातातल्या पामच्या हिश्श्यापेक्षा कमी भरली. म्हणजे पाम सोडून थ्रीकॉमचा जो काही चालता धंदा होता, त्याची किंमत शून्याच्याही खाली. ज्या बाजाराने हे पचवून ढेकर दिला, त्याला तुमचे ६१.४ काय जड जाणार?

एक अडचण मात्र येईल, ती आधीच सांगून ठेवतो. २००६ च्या सुरुवातीला ट्रिओ ७००डब्ल्यू आला. वर नाव पामचं, आत विंडोज मोबाइल, म्हणजे विंडोज सीईचाच अवतार. आयुष्यभर एकमेकांचे टक्के खाल्लेले दोघं एकाच डबीत. हे यंत्र कुठल्या रकान्यात टाकायचं म्हणून डोकं धरून बसू नका. दोन्ही रकान्यांत टाका. एकूण १०४ टक्के झाले तर वरचे चार ‘इतर’मधून वजा करा. तिथले सायनवाले (हेही हातात मावणारे संगणक करायचे) तसेही काही बोलत नाहीत, आणि बोललेच तर त्यांना ट्रिओसारखं फोनमध्ये ढकलता येईल.