कितला वाचनात?

एप्रिलचं वीजबिल 312 युनिटचं आलं. 300 च्या पुढच्या युनिटला वरचा दर लागतो. खालच्या 300 बद्दल माझी काही तक्रार नव्हती, पण त्या 12 युनिटांनी झोप उडवली.

गुन्हेगार खिडकीतच बसून गुरगुरत होता. कूलर. 200 वॉटचा, म्हणजे 5 तासांना 1 युनिट. जळगावात मे महिन्यात, पारा 44 वर असताना, दिवसा कूलर बंद ठेवायचं ज्याला सुचतं त्याच्या डोक्याला ऊन आधीच लागलेलं असतं, असं बायकोचं मत. मी तरी नियम केला: कूलर रात्री 10 ते पहाटे 5. दिवसा ओला पंचा घ्यायचा आणि फरशीवर पडायचं. नवी वही आणली (40 रुपये) आणि पहिल्या पानावर लिहिलं, ‘रोज 2 युनिट बचत’.

माय अमळनेरकडची. तिने वही उलटीसुलटी करून पाहिली आणि तिच्या अहिराणीत एवढंच विचारलं, “कितला वाचनात?” किती रुपये वाचले, हा प्रश्न ती त्यानंतर रोज विचारू लागली. खरं तर ती स्वतः वर्षाचा गहू एकदम भरते, गच्चीवर बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळवते, आंब्याची कोय आणि जुनी साडी यांपैकी काहीही टाकत नाही. पण त्याला बचत म्हणतात हे तिला कोणी सांगितलेलं नाही, त्यामुळे वही लागत नाही.

वहीची पानं भरायची तर आणखी काहीतरी वाचवणं भाग होतं. आमच्याकडे केळी रोज लागतात. बाजारात डझनाला 50 रुपये. सावद्याकडे एका मित्राची केळीची बाग आहे, तो म्हणाला, “घड घेऊन जा, 12 रुपये किलोने लावतो.” 22 किलोचा घड, 264 रुपये. त्यात 144 केळी, म्हणजे 12 डझन, म्हणजे बाजारात 600. मी स्कूटर काढली.

भुसावळ, तापीचा पूल, फैजपूर, सावदा. जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर, तेही भर उन्हात. येताना गोणपाटात गुंडाळलेला घड पायांमध्ये उभा, त्यामुळे ब्रेकवर पाय ठेवायला जागा शोधावी लागत होती. वाटेत दोघांनी थांबवून भाव विचारला. उसाचा रस 2 ग्लास. पेट्रोल 2 लिटर, म्हणजे 200 च्या वर. हे मी वहीत ‘प्रवास’ या वेगळ्या पानावर टाकलं, कारण केळ्यांच्या पानावर ते बरं दिसत नव्हतं. घरी आल्यावर लक्षात आलं की घडाचा दांडाच 2 किलोचा आहे. 24 रुपयांचा दांडा. तोही वेगळ्या पानावर.

घड माजघरातल्या कडीला टांगला आणि आम्ही पिवळेपणाची वाट पाहू लागलो. दुसरा दिवस, हिरवा. तिसरा दिवस, हिरवा. पाचव्या दिवशीही पोपटासारखा हिरवागार. मित्राला फोन लावला.

“घरात किती तापमान आहे?”

“चाळीसच्या वर असेल. कूलर बंद असतो ना दिवसा.”

तो हसला. मग त्याने सांगितलं की रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या थंड खोलीत, केळी 16 ते 18 अंशांत ठेवतात, म्हणून ती पिवळी होतात. फार उकाड्यात सालीचा हिरवा रंग जातच नाही.

झालं. मी कूलरचं तोंड माजघराकडे फिरवलं आणि दिवसरात्र चालू ठेवला. 24 तासांचे जवळपास 5 युनिट. बायको दारात उभी राहून घडाकडे बघत होती. “अहो, माणसांना 10 वाजता आणि केळ्यांना चोवीस तास? पुढच्या जन्मी मला ह्या घरात केळं म्हणूनच आणा.” दुपारी सासू-सून दोघी उश्या घेऊन घडाखाली येऊन झोपल्या. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी माय उठता उठता घडाला टेकली आणि म्हणाली, “नुसता रंग काय दखस? हात लाईसन दख ना रे भाऊ.”

हात लावला. अंगठा आत गेला. आतून केळी केव्हाच पिकली होती, एकशे चव्वेचाळीसच्या एकशे चव्वेचाळीस, आणि साल मात्र अजून हिरवी.

पुढचे दोन दिवस आठवावेसे वाटत नाहीत. सकाळी शिकरण, दुपारी केळ्याच्या गोड पुऱ्या, रात्री शिकरण. त्यासाठी दूध रोज 2 लिटर जादा, साखर 3 किलो. धाकट्याने शाळेला सुट्टी असल्याचं पहिल्यांदाच दुःख केलं, कारण डब्यात घालून बाहेर नेता आलं असतं. शेवटी मायने सूत्रं हातात घेतली. भांडी भरली, वर ताटल्या झाकल्या आणि गल्लीतल्या 11 घरांत शिकरण गेलं.

आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. संध्याकाळपासून भांडी येऊ लागली. एकात बिबड्या, एकात कैरीचं ताजं लोणचं, एकात लसणाची शेव, एकीकडून कळण्याच्या दोन गरम भाकरी आणि ठेचा. मी वही उघडून घाईघाईने ‘जमा’ची बाजू लिहायला घेतली. शेव पाव किलो, लोणचं अर्धा किलो. आकडा 300 च्या पुढे चालला होता. मायकडे अभिमानाने पाहिलं.

तेवढ्यात अकरावं भांडं आलं. झाकण काढलं तर शिकरण. आमचंच. गल्लीतली तीन घरं फिरून, वरून वेलदोड्याची पूड लावून.

मायने पहिला चमचा माझ्याच वाटीत घातला.

“आते सांग, कितला वाचनात?”